सोलापुरात राहून मुलाच्या बार मित्झवाची तयारी कशी करावी?

तळ्याकाठची

नमस्कार. जरा सविस्तर लिहिते, कारण इथे जवळपास विचारायला कुणी नाही.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे महाराष्ट्रातले मराठी बोलणारे ज्यू. सासरे इथल्या गिरणीत होते. गिरणी बंद पडली तरी घर सोलापुरातच राहिलं. आता आम्ही होटगी रोडला राहतो, नवरा टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. मुलगा सहावीत, मुलगी चौथीत. मुलाचा जन्म २८ ऑक्टोबर २०१३ चा, म्हणजे या ऑक्टोबरात त्याला तेरा पूर्ण होतील, आणि तेरा झाले की आमच्यात मुलगा बार मित्झवा होतो, धर्माच्या आज्ञांना मोठ्यांसारखा बांधला जातो. हॉल, डीजे, शंभर माणसं यात आम्हा दोघांनाही रस नाही. त्याने तोरापुढे, म्हणजे आमच्या धर्मग्रंथापुढे, उभं राहून स्वतः वाचावं, एवढंच मनात आहे.

आता अडचणी. शुक्रवारी घरी दिवे लागतात, किद्दूश (पेल्यावरचा आशीर्वाद) होतो, शेमा ही रोजची मुख्य प्रार्थना दोन्ही मुलांना पाठ आहे. पण हिब्रू अक्षरं घरात कुणालाच धड येत नाहीत. नवऱ्याने लहानपणी सगळं देवनागरीत उतरवलेल्या वहीतून म्हटलं, मीही तसंच. मुंबईच्या नातेवाइकांनी हफ्ताराचं (तोरानंतर वाचतात त्या संदेष्ट्यांच्या उताऱ्याचं) रेकॉर्डिंग पाठवलंय, सोबत देवनागरी पानं. मुलाचा गळा चांगला आहे, त्याने बघता बघता अर्धी हफ्तारा पाठ केली. मागच्या आठवड्यात मी हिब्रू पान त्याच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, आत्ता कुठे आहेस तिथे बोट ठेव. त्याला ठेवता येईना. थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "आई, मग मी वाचतोय की नुसतं गातोय?" मला उत्तर सुचलं नाही.

सासऱ्यांचे तेफिलीन (प्रार्थनेच्या वेळी हाताला आणि डोक्याला बांधायच्या चामडी डब्या) कपाटात जपून ठेवलेत, तेच नातवाने बांधावेत अशी घरात सगळ्यांची इच्छा आहे. पण मुलगा डावखुरा आहे. मग कुठल्या हाताला?

इथे दहा पुरुष जमणं शक्य नाही, म्हणून ३१ ऑक्टोबरच्या शनिवारी पुण्याच्या सिनेगॉगमध्ये (प्रार्थनास्थळात) जायचं असं सध्या ठरवलंय.

शेवटचा प्रश्न त्याचाच आहे. "त्या दिवसानंतर माझं नक्की काय बदलणार?" शाळेत तो एकटाच ज्यू. मित्रांनी विचारलं की "आमच्यातली मुंज" म्हणून सांगतो. मित्रांचं तेवढ्यावर भागतं, त्याचं स्वतःचं भागत नाही.

मोठ्या शहरापासून लांब राहून ज्यांनी मुलांची तयारी करून घेतली आहे त्यांनी कृपया लिहा.

पूर्वभाग

ताई, मी तुमच्याच गावचा. इतकी वर्षं सोलापुरात राहून आपल्या गावात ज्यू कुटुंब आहे हे मला आज कळतंय. दहा पुरुष कशासाठी लागतात ते कुणी सांगेल का?

आणि एक. प्रार्थनेच्या वेळी तुमच्यात अंगावर शाल घेतात ना, ती कशाची असते? आमचं घर पद्मशाली विणकरांचं, वडील अजून हातमागावर बसतात. सुती चालत असेल तर मोजमाप कळवा, विणून देऊ. पैशांचा विषय काढू नका.

निवृत्त गार्ड

वयाने मी तुझ्या सासऱ्यांच्या बरोबरीचा असेन, म्हणून एकेरीत लिहितो. माझा जन्म सोलापूरचाच, रेल्वे लाइन्समधला. वडील मालगाडीवर गार्ड, पुढे मीही गार्ड झालो. आता ठाण्यात असतो आणि मुलांना हिब्रू वाचन शिकवतो.

आधी तारीख, कारण बाकी सगळं तिच्यावर ठरतं. वय आपल्या ज्यू पंचांगाने मोजायचं. २८ ऑक्टोबर २०१३ ला हेश्वान महिन्याची २४ तारीख होती, साल ५७७४. यंदा ५७८७ मधली २४ हेश्वान ४ नोव्हेंबरला, बुधवारी येते, आणि दिवस आदल्या संध्याकाळी सूर्यास्ताला सुरू होतो. म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या शनिवारी तुझा मुलगा तेरा वर्षांचा झालेलाच नसेल. त्या दिवशी त्याला बार मित्झवा म्हणून उभं करता येणार नाही. जन्म दिवसा झाला की सूर्यास्तानंतर, हे दवाखान्याच्या कागदावर बघून घे. सूर्यास्तानंतरचा असेल तर तारीख २५ हेश्वान धरावी लागेल.

माझं मत विचारशील तर ५ नोव्हेंबरचा गुरुवार धर. जन्म दिवसाचा असो की रात्रीचा, गुरुवारी सकाळी तो तेराच्या पुढे गेलेला असणारच. सोमवारी आणि गुरुवारी सकाळच्या तेफिलात (प्रार्थनेत) सेफेर तोरा, म्हणजे हाताने लिहिलेली तोराची गुंडाळी, उघडतात, तीन जणांना वाचायला बोलावतात. शब्बाथला (शनिवारी) तेफिलीन बांधत नाहीत, त्यामुळे मुलाने तेफिलीन बांधून तोरासमोर उभं राहायचं असेल तर आठवड्यातलाच वार लागतो. शिवाय त्या दिवशी फोटो काढता येतात, आजी-आत्याला गाडीने येता येतं.

त्या आठवड्याची परशा, म्हणजे तोराचा ठरलेला भाग, 'खाये सारा'. गुरुवारी तिचा फक्त सुरुवातीचा भाग वाचतात, उत्पत्तीचा २३वा अध्याय, १६व्या ओवीपर्यंत. तिसऱ्या माणसाच्या वाट्याला येतात १३ ते १६, म्हणजे जेमतेम चार ओव्या. त्या चारच घे. सारा वारली आहे आणि अब्राहामला तिच्या दफनासाठी हेब्रोनमधली माखपेलाची गुहा हवी आहे. एफ्रोन आधी म्हणतो, तशीच घ्या, तुमच्या-आमच्यात पैसे कशाला. अब्राहाम ऐकत नाही. सगळ्या गावासमोर चारशे शेकेल चांदी तोलून देतो, बाजारात चालणारं खरं नाणं. परक्या मुलखात राहणारा माणूस फुकटची जमीन घेत नाही, साक्षीदारांपुढे पूर्ण किंमत मोजतो. तुझ्या घरी हिशेबाची वही रोज उघडते, तुझ्या मुलाला हा व्यवहार कुणापेक्षाही लवकर समजेल. त्याच्या बापाने त्याला तो समजावून सांगावा.

आता त्याचा प्रश्न. त्याला सरळ सांग की आत्ता तू गातोयस, आणि दिवाळीपर्यंत तू वाचशील. इतकं नेमकं विचारणारा मुलगा वाचायला शिकतोच. रेकॉर्डिंग आणि देवनागरी पानं सध्या बाजूला ठेवा. हफ्तारा निदान छापील पुस्तकातून वाचतात, त्यात स्वरचिन्हं असतात. सेफेर तोरात स्वरचिन्हं नाहीत, विरामचिन्हं नाहीत, चालीच्या खुणा नाहीत. चर्मपत्रावर नुसती अक्षरं. नुसतं पाठ असलेला मुलगा तिथे एका शब्दावर अडकला की त्याला सावरायला जागा राहत नाही, कारण पुढचा शब्द त्याला दिसतच नसतो. (३१ तारीख धरली होती म्हणजे त्याने पाठ केली ती वायेरा या आदल्या परशाची हफ्तारा असणार, एलिशा आणि विधवेच्या तेलाच्या बुधलीची. आपण शनवार तेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, ती गोष्ट आपल्या घरात हवीच. शुक्रवारी जेवणानंतर त्याच्याकडून ऐका.)

सुरुवात शेमापासून. ते त्याला पाठ आहे, हे मोठं भांडवल आहे. हिब्रू शेमा मोठ्या टायपात छाप, त्याने तोंडाने म्हणायचं आणि बोट शब्दाशब्दावर सरकवायचं, उजवीकडून डावीकडे. आवाज ओळखीचा असल्यामुळे अक्षर आपोआप चिकटतं. बावीसच अक्षरं आहेत, त्यातल्या पाचांचं शब्दाच्या शेवटी रूप बदलतं. घोटाळा ठरलेल्या जोड्यांतच होतो: दालेत-रेश, बेत-खाफ, हे-खेत, वाव-झायिन. माझे वडील दौंडहून ड्युटी करून आले की अंघोळ करून मला पाटी घेऊन बसवायचे. एकीकडे दालेत काढायचे, एकीकडे रेश, आणि म्हणायचे, कोपरा बघ, एकाला टोक आहे, दुसरा गोल वळलाय. शेमाच्या पहिल्या ओळीतलं शेवटचं दालेत सेफेरमध्ये मुद्दाम मोठं लिहितात. त्याचं रेश वाचलं गेलं तर 'एक' देवाऐवजी 'दुसरा' देव होऊन बसतो. हे सांगितल्यापासून माझा एकही विद्यार्थी त्या दोन अक्षरांत चुकलेला नाही.

रोज वीस मिनिटं पुरतात, पण ती रोज हवीत, रविवारी दोन तास असं नको. आणि त्याच्याबरोबर तुम्ही दोघांनीही शिका. बाप शेजारी बसून तेच अक्षर गिरवतोय हे मुलाला दिसलं की अर्धं काम होतं. शाळा सुटेपर्यंत अक्षरं आणि स्वरचिन्हं. मे महिन्यात त्या चार ओव्या स्वरचिन्हांसकट. जूनपासून तिक्कून, म्हणजे दोन स्तंभांचं सरावाचं पुस्तक, एका बाजूला चिन्हांसकट मजकूर आणि दुसऱ्या बाजूला सेफेरसारखा कोरा. चाल सगळ्यात शेवटी. गळा चांगला आहे म्हणतेस, तिची काळजी नको. दसऱ्याच्या आगेमागे एकदा पुण्याला नेऊन त्याला खरं सेफेर उघडून दाखवा. त्याच परशाच्या दुसऱ्या ओवीत, अब्राहाम सारासाठी रडला त्या शब्दात, एक खाफ लहान लिहिलेलं असतं. ते त्याला स्वतः शोधू दे.

तेफिलीन. नेहमी तेफिलीन कमजोर हाताला बांधतात, म्हणून डावखुऱ्याने उजव्या हाताला. पण सासरे उजवे असतील तर त्यांच्या हाताच्या तेफिलीनची गाठ उजव्या माणसासाठी बांधलेली आहे. ती जाणकाराकडून सोडवून उलटी बांधून घ्यावी लागेल. डोक्याच्या तेफिलीनला हा प्रश्न नाही. मुलगा लिहितो डाव्या हाताने आणि बॅट धरतो उजव्याने असं काही असेल तर रब्बींना विचारल्याशिवाय ठरवू नका. गाठीच्या आधी दोन्ही डब्या सोफेरकडून, म्हणजे असे उतारे लिहिणाऱ्याकडून, उघडून तपासून घ्या. आत चर्मपत्रावर हाताने लिहिलेले तोराचे चार उतारे असतात, आणि एका अक्षराची शाई उडाली तरी तेफिलीन बाद. सोलापूरच्या उन्हाळ्यात कपाट पत्र्याचं असेल तर तेफिलीन आजच तिथून हलवा, आणि गाडीत तर कधीच ठेवू नका. आतले उतारे बाद निघाले तर नवीन लिहून त्याच डब्यांत बसवता येतात. म्हणजे आजोबांचेच राहतील. कमी किमतीत ऑनलाइन दिसतात ते घेऊ नका, त्यांत बरेचदा छापील कागद असतो.

पूर्वभाग, तुमचं बोलणं वाचून फार बरं वाटलं. तोराच्या बामिदबार या पुस्तकात दहा हेरांच्या टोळीला 'मंडळी' म्हटलं आहे, त्यावरून दहाची संख्या धरतात. तेरा वर्षांवरचे दहा पुरुष असले की मिन्यान होतो, तेव्हाच सेफेर काढून वाचता येतं. शाल म्हणजे तालीथ. आपल्याकडे लोकरीचा पसंत करतात, पण सुती चालतो, आणि कापड कुणीही विणलेलं चालतं. सूत आणि लोकर किंवा रेशीम मिसळलं तरी चालेल, मात्र लोकर आणि जवसाच्या धाग्याचं लिनन एकत्र अजिबात नको, त्याला तोरात मनाई आहे. चारही कोपऱ्यांना जाड कापडाचे चौकोन शिवून त्यात भोक ठेवा. त्यातून जे सीसीत ओवतात त्याचे दोरे मात्र त्याच हेतूने कातलेले लागतात, ते मी ठाण्याहून पाठवतो आणि गाठीही आमच्यातलाच कुणी मारेल.

राहता राहिलं, काय बदलणार. मुलाला सांग, तू दहावा होशील. आज पुण्यात, पनवेलला, अलिबागला नऊ माणसं सेफेरच्या कपाटासमोर थांबलेली असतील आणि तू दारात उभा असशील, तरी तुला मोजता येत नाही. ५ नोव्हेंबरला मात्र मोजतील, आणि तुझ्यामुळे तोरा उघडेल. भारतात आपण आता काही हजारच उरलो आहोत, त्यामुळे ही वेळ त्याच्यावर खरोखर येणार आहे. माझ्या नोकरीत कितीतरी गावांत मला कुणीतरी शोधत आलेलं आहे, "गार्डसाहेब, नऊ झालेत" म्हणून. त्या दिवशी त्याचा बाप एक आशीर्वाद म्हणेल: याच्या शिक्षेतून ज्याने मला मोकळं केलं तो धन्य. म्हणजे इथून पुढे मुलाचं चुकलं तर जबाब त्याचा त्याने द्यायचा. योम किप्पूरचा उपास यंदा २१ सप्टेंबरला आहे, तेव्हा तो अजून बाराचाच, दुपारपर्यंत धरला तरी खूप. पुढच्या वर्षीपासून पूर्ण.

तळ्याकाठची

काका, तुमचं लिहिलेलं रात्री मोठ्याने वाचून दाखवलं. "तू दहावा होशील" यावर त्याने बापाकडे बघितलं आणि विचारलं, "बाबा, तुम्हाला कधी कुणी बोलवायला आलंय?" नवऱ्याने त्याला पुण्यातली एक अंत्ययात्रा सांगितली, जिथे कद्दिश (मृतासाठीची प्रार्थना) म्हणायला एक माणूस कमी होता. हे मलाही माहीत नव्हतं. जन्म सकाळी पावणेआठचा आहे, म्हणजे २४ हेश्वान नक्की. बॅट तो डाव्यानेच धरतो, जेवतोही डाव्याने.

पूर्वभाग दादा, तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा. रविवारी मुलाला घेऊन माग बघायला येऊ का?

अजून दोन गोष्टी विचारते. गुरुवारी पुण्यात मिन्यान जमेल का? आणि धाकटीचं काय? ती रोज भावाशेजारी बसून शेमावर बोट फिरवते आणि त्याच्यापेक्षा लवकर शिकतेय. तिला मी काय सांगू?

अश्दोदची मावशी

माहेर सोलापूर, नव्या पेठेतलं. तीस वर्षांहून जास्त काळ इस्रायलमध्ये आहे, पण हिशेब अजून मराठीतच करते.

धाकटीला अजिबात उठवू नकोस, बसू दे भावाजवळ. मुलगी बारा पूर्ण झाली की मित्झवाला (धर्माज्ञांना) बांधली जाते, मुलापेक्षा एक वर्ष आधी. म्हणजे भावाच्या पाठोपाठ तिचीच पाळी आहे. आपल्या जुन्या सिनेगॉगांत मुलीला तोरा वाचायला बोलावत नाहीत. सुधारक मंडळींत पद्धत वेगळी. अमेरिकेत १९२२ साली न्यूयॉर्कला ज्युडिथ कॅप्लान नावाच्या मुलीची पहिली बात मित्झवा झाली. आपल्या मुंबईतही १९२५ मध्ये डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकाराने ज्युइश रिलिजस युनियन उभी राहिली. तुम्ही कुठल्या बाजूने जाता तो घरचा निर्णय, पण वाचायला शिकण्याला दोन्हीकडे आडकाठी नाही. माझ्या मुलीने तिच्या दिवशी परशावर बोलून दाखवलं, खल्लाचं (शब्बाथच्या पावाचं) पीठ बाजूला काढलं, दिव्यांचा आशीर्वाद पहिल्यांदा मोठ्याने एकटीने म्हटला. तेवढ्यासाठी ती वर्षभर आजीबरोबर बसली होती.

मुलाचं चार शब्दांचं भाषण मराठीत होऊ दे, हे माझं आग्रहाचं सांगणं. इथे माझी नातवंडं हिब्रूत बोलतात, ते ठीकच आहे, त्यांची ती भाषा आहे. पण आपल्या लोकांनी १८४६ साली मुंबईत पेसाखची हग्गादा (त्या सणाच्या रात्री वाचायचं पुस्तक) मराठी अर्थासकट छापली, १८७४ मध्ये पुण्यात पुन्हा छापली, अब्राहाम-मोशेच्या गोष्टी मराठी कीर्तनातून सांगितल्या. अब्राहाम आणि एफ्रोनचा सौदा सोलापूरच्या मुलाने सोलापूरच्या मराठीत सांगितला तर ऐकणाऱ्या म्हाताऱ्यांना काय वाटेल, ते मला इथे बसून कळतंय. इंटरनेटवरून इंग्रजी भाषण उतरवून देऊ नकोस त्याला.

निवृत्त गार्ड

मावशींच्या भाषणाच्या मुद्द्याला माझं अनुमोदन.

गुरुवारचा मिन्यान आपोआप जमेल असं धरू नका. पुण्यात दोन सिनेगॉग आहेत, कॅम्पातलं १८६७ चं ओहेल डेविड, ज्याला सगळे लाल देऊळ म्हणतात, आणि रास्ता पेठेतलं सुक्काथ शेलोमो. दोन्हीकडे आत्ताच बोलून ठेव, तारीख लेखी दे, ऑगस्टमध्ये पुन्हा आठवण कर. तुमचा नवरा आणि मुलगा धरून बाकीचे आठ कोण, त्यांची नावं आधी नक्की झाली पाहिजेत. मी येतोच, म्हणजे सात राहिले. आत जाताना ओळखपत्र मागतात, पाहुण्यांना सांगून ठेव.

८ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन आहे, त्या आठवड्यात गाड्यांना श्वास घ्यायला जागा नसते. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. बुधवारी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने या आणि गुरुवारी संध्याकाळी तिनेच परत जा, शब्बाथ घरी होईल. मलिदा (आपला आभाराचा प्रसाद) रविवारी सकाळी सोलापुरातच करा: भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळं, आणि एलियाहू हन्नाबीचं (संदेष्टा एलियाचं) गाणं. विणकर दादांच्या घरच्यांनाही बोलवा. दुपारी त्यांच्याकडे पूजेची घाई असेल, म्हणून दहाच्या आत उरका.

पूर्वभाग, मुलगा बाराचा आहे पण तालीथ मोठ्या माणसाच्या मापाचा विणा, तो त्याला जन्मभर वापरायचा आहे. सव्वा मीटर रुंद, पावणेदोन मीटर लांब, पांढऱ्यावर पट्टे कुठल्याही रंगाचे.

आणि पोरी, तेफिलीन हलवण्याआधी हाताच्या डबीचा आणि गाठीचा जवळून एक फोटो काढून मला पाठव. अक्षरांचा पहिला पाठ सोमवारी संध्याकाळी सात वाजता व्हिडिओ कॉलवर घेऊ. चौघेही बसा.